हाउसफ्राउ, २००४ ते २००७

फॉर्म भरण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. बढाई मारत नाहीये. बर्लिनमध्ये सोळा वर्षं काढलीत, आणि या देशात घर बदलायचं तर फॉर्म, मुलीला शाळेत घालायचं तर फॉर्म, फॉर्म भरायला मुदत वाढवून हवी तर त्याचाही फॉर्म. आमच्या ओळखीतली निम्मी मराठी मंडळी ‘शैलाताईंना विचार’ म्हणत आमच्याकडे येतात आणि मी चष्मा चढवून, त्यांच्यावर डाफरत, त्यांचे कागद लावून देते. त्यामुळे बा मुतालेंचा अर्ज मी भरला यात नवल काहीच नव्हतं. पण नेमकी तिथेच मी माती खाल्ली.

बा मुताले म्हणजे मुताले चिसांगा. झांबियाच्या, वय छप्पन्न. ‘बा’ हे त्यांच्याकडचं मानाचं, आपण ताई-बाई लावतो तसं. आम्ही दोघी मोरित्सप्लाट्झजवळच्या एका छोट्या संस्थेत काम करतो. बावीस माणसांचं ऑफिस. मी तिथे प्रवासाची तिकिटं, कागदपत्रं, फायली बघते. त्या आफ्रिकेतल्या बायकांच्या हक्कांचं काम बघतात. नवरा मेला की बाईला घराबाहेर काढतात, जमीन दिराच्या नावावर जाते. त्याविरुद्ध नियम व्हावेत, कायदे व्हावेत म्हणून मंत्री, वकील आणि गावोगावच्या बायकांच्या संघटना या सगळ्यांना एका टेबलाशी आणून बसवायचं. नऊ देशांत त्यांनी हे केलंय. पण फोटो बघाल तर बाई सापडायच्या नाहीत. समोर दुसरीच कोणी भाषण करत असते आणि या मागच्या रांगेत, मांडीवर पर्स घेऊन. मी एकदा म्हटलंही, “अहो, जरा पुढे या की, रिपोर्टला फोटो लावायचाय.” तर म्हणाल्या, “शैला, मी पुढे आले तर त्या मागे जातील.” मी मनात म्हटलं, बरं बाई, बसा तिथेच.

तर गोष्ट अशी, की बाईंचं कंत्राट तीस जूनला संपणार होतं. कंत्राट संपलं की इथे राहण्याचा परवानाही संपणार. मार्चमध्ये आमच्याकडे एक कायमची जागा निघाली, त्यांच्याच कामाची, अगदी त्यांच्या अंगाचं माप घेऊन शिवावी तशी. ती मिळाली तर सदुसष्टाव्या वर्षापर्यंत बघायला नको. नाही मिळाली तर जुलैत बाडबिस्तरा गुंडाळून परत, आणि तीन देशांत अर्धवट लिहिलेले मसुदे कपाटात. जागेची एकच अट जरा तिरकी होती: मोठमोठ्या परिषदांचा अनुभव पुरे नाही, प्रत्यक्ष त्या बायकांमध्ये बसून किमान तीन वर्षं काम केलेलं हवं. शेवटच्या दोघांत बाई होत्या आणि बॉनचे एक गृहस्थ होते. त्या गृहस्थांकडे म्हणे आयुष्यातल्या प्रत्येक महिन्याचा कागद होता.

अर्ज भरायच्या दिवशी बा मुताले आदिस अबाबाला बैठकीत होत्या. जाताना मला म्हणाल्या, “माझा लेबन्सलाउफ तुझ्याकडे आहेच, तूच भरून टाक.” लेबन्सलाउफ म्हणजे इथला बायोडेटा, पण त्यात एक महिनासुद्धा रिकामा चालत नाही. कॉलेज संपून नोकरी लागेपर्यंत तुम्ही नुसते गच्चीत बसला असाल तर तेही लिहायचं. मुदत दुपारी बाराची. साडेअकराला मी सगळं भरून शेवटचं बटण दाबलं तर स्क्रीनवर लाल चौकट: सप्टेंबर २००४ ते ऑक्टोबर २००७, रिकामं.

बाईंचा फोन बंद. माझं लक्ष घड्याळाकडे. मला एवढंच माहीत होतं की त्यांचा नवरा दोन हजार चारमध्ये गेला. एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या होत्या आणि मी मान खाली घालून चहा ढवळला होता. नवरा गेलेल्या बाईला त्या दिवसांबद्दल खोदून विचारू नये, असं मला आईने शिकवलंय. पदराने डोळे पुसायला लावायचे आणि मग आपण निघून जायचं, हे काही बरं नाही. आता वाटतं, आईचं ते म्हणणं निम्मंच खरं होतं. पण तेव्हा मी विचार केला, बिचारी लहान लेकराला घेऊन घरी बसली असेल, अजून काय. आणि इथे आल्यावर पहिली चार वर्षं मी स्वतः काय लिहिलं होतं? हाउसफ्राउ. गृहिणी. जॉबसेंटरच्या बाईनेच सांगितलं होतं, हे लिही, मग कोणी काही विचारत नाही. मी टाइप केलं, हाउसफ्राउ. चौकट हिरवी झाली. गेनाऊ, अगदी बरोबर, म्हटलं, आणि बारा वाजायला अकरा मिनिटं असताना अर्ज पाठवून दिला.

बाई परत आल्यावर मी त्यांना ते सांगितलं नाही. विसरले म्हणाले तर खोटं होईल. सांगायला गेलं तर त्या वर्षांचा विषय निघणार, आणि तो विषय मला नको होता.

मुलाखत बुधवारी होती. सोमवारी मी कमिटीच्या पाच जणांसाठी फायली लावत होते, तर आमच्या पर्सोनालच्या, म्हणजे नोकरभरती बघणाऱ्या, फ्राउ लिंडनर यांनी बाईंच्या अर्जावर पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: ‘बायकांमधलं प्रत्यक्ष काम, तीन वर्षं: दिसत नाही.’ मी तशीच फाइल काखेत मारून ऑफिसच्या छोट्या किचनमध्ये गेले. बाई पातेल्यात दूध तापवत होत्या. त्यांना किटलीचा चहा चालत नाही, मलाही नाही, आमची मैत्री तिथूनच सुरू झालेली.

“बा मुताले, तुमचं ते अगदी बायकांमध्ये बसून केलेलं काम,” मी सहज विचारतेय असं दाखवत म्हटलं, “ते कुठल्या वर्षांतलं?”

“चार ते सात. बाजारातलं,” त्या म्हणाल्या. “त्याचा एकही कागद नाही माझ्याकडे, म्हणून बायोडेटात लिहीत नाही मी. मुलाखतीत तोंडी सांगणार आहे. का गं?”

मी फाइल ओट्यावर ठेवली. मग सांगितलं सगळं. लाल चौकट, बारा वाजता मुदत, हिरवी चौकट. सांगताना मी इंग्रजीत होते की जर्मनमध्ये तेही आता आठवत नाही.

बाईंनी गॅस बंद केला. दूध वर आलं होतं ते खाली बसलं. “तू माझ्या त्या तीन वर्षांवर हाउसफ्राउ लिहिलंस,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“शैला, मला तेव्हा घर नव्हतं.”

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, कारण भांडणाऱ्या माणसाशी मला वागता येतं. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “बस. आता ऐकून घे, आधी विचारलं नाहीस ते.”

त्यांचं गाव एका मोठ्या तळ्याकाठी. नवऱ्याची बाजारात सुक्या मासळीची टपरी होती. कापेंटा म्हणतात त्या मासळीला. आपल्या सुकटीसारखी, बोटाएवढी. तो गेला त्याच्या पाचव्या दिवशी सासरचे आले आणि घर, भांडी, शिवणयंत्र, सगळं घेऊन गेले. टपरी दिराच्या नावावर. बाजाराचा नियमच तसा होता, टपरीवाला मेला की टपरी त्याच्या भावाची. बाईंच्या हातात चार वर्षांची मुलगी, चिलेशे. ती आता डार्मश्टाटला इंजिनिअरिंग करतेय आणि दर रविवारी आईशी दोन तास बोलते. तिला घेऊन या त्याच बाजारात, आपल्याच टपरीसमोर, जमिनीवर गोणपाट टाकून बसल्या. आजूबाजूला तशाच दहा बायका होत्या.

“आम्ही दर गुरुवारी चार वाजता, माल आवरल्यावर बसायचो,” त्या म्हणाल्या. “मला लिहिता-वाचता येत होतं. मी बाजाराचा नियम वाचून दाखवला. मग आम्ही ठरवलं, हा नियम बदलायचा.”

पण नगरपालिकेत जो पुढे होईल त्याला धमक्या येणार हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी पुढारी केलाच नाही. अकरा बायका, अकरा वाक्यं. प्रत्येकीने आपलं एक वाक्य पाठ करायचं, सभेत उठायचं, तेवढंच बोलायचं आणि बसायचं. सगळी मिळून अर्जाची पूर्ण मागणी होते. नगरसेवक विचारत राहिला, तुमची म्होरकी कोण? म्होरकी नव्हतीच. बाईंनी आपलं नाव ना अर्जावर घातलं, ना निवेदनावर, ना वर्तमानपत्रात. दीड वर्ष लागलं. नियम बदलला. टपरी बायकोची. पुढे शेजारच्या गावांनी तो उचलला, मग राजधानीतल्या एका संस्थेने बाईंना बोलावून घेतलं, आणि तिथून पुढचं सगळं कागदावर आहे.

हे ऐकताना मला त्यांच्याबद्दल अभिमान वाटला म्हणू की स्वतःची लाज वाटली म्हणू, दोन्ही होतं. पण माझा स्वभाव असा मेला, की लाज वाटली की मी चिडते. “अहो, पण निदान एका कागदावर तरी नाव घालायचं,” मी म्हटलं. “एका! एवढं कसलं ते मागे बसणं?”

“त्या कागदावर नाव नव्हतं म्हणून चिलेशे जिवंत आहे,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी राजानंदना फोन केला. माझे मिस्टर येनाला लेन्सच्या कंपनीत असतात, शुक्रवारी घरी येतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “उद्या ऑफिस उघडलं की पहिलं जाऊन सांग. तू लिहिलंस म्हणून सांग. त्यांच्यावर येऊ देऊ नकोस.” मी म्हटलं, “अहो, माझी नोकरी गेली तर?” तर म्हणाले, “गेली तर गेली, फॉर्म भरायला बसशील घरी.” हे असं बोलतात, आणि मग मला हसू येतं आणि धीरही येतो.

मंगळवारी आठ वाजता मी फ्राउ लिंडनरच्या टेबलासमोर उभी होते. साठीची बाई, केस कातरलेले, टेबलावर एक टाचणी इकडची तिकडे नाही. मी सांगितलं, ही ओळ माझी आहे, फ्राउ चिसांगांची नाही, त्यांना विचारलंही नव्हतं. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“अर्जात खोटी माहिती असेल तर अर्ज बाजूला ठेवावा लागतो,” ती म्हणाली. “कोणी लिहिली हा मुद्दा नाही. उद्या दहाच्या आत दुरुस्ती करता येईल. पण दुरुस्तीला पुरावा लागतो, एक कागद किंवा तिथली एक साक्ष. मी स्वतः फोन करीन. फ्राउ चिसांगा त्या वेळी खोलीत नकोत, आणि त्यांची लेखी संमती हवी.”

आता संमतीचाही फॉर्म. तो मी भरला, एकेक अक्षर बघून.

बाईंनी सही करायला पेन घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. “नको करूया,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं माझ्यावरचा राग आहे. पण तो नव्हता. “शैला, मी त्यांना सांगितलं होतं, दोन आठवड्यांनी येते,” त्या म्हणाल्या. “राजधानीतून बोलावणं आलं तेव्हा. दोन आठवडे. मग नोकरी लागली, चिलेशेची शाळा सुरू झाली, मग दुसरा देश, तिसरा देश. अठरा वर्षं मी एकदाही फोन केला नाही. सगळ्या आफ्रिकेला सांगत फिरले की बायकांना सोडून जाऊ नका, आणि माझ्याच दहा जणींना सोडून आले. त्या म्हणतील, कोण ही, आम्ही ओळखत नाही. आणि त्यांचं बरोबर असेल.”

चार वर्षांत मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मंत्र्यांना त्या दटावतात. मी म्हटलं, “म्हणाल्या तर म्हणाल्या. न विचारता आपणच ठरवायचं नाही, ते मी करून बसलेय.” त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. मग बाहेर पॅसेजमध्ये जाऊन बाकावर बसल्या.

उन्हाळ्यात झांबियाची आणि बर्लिनची वेळ एकच असते, तेवढं एक बरं होतं. बाजाराच्या ऑफिसचा नंबर मला नगरपालिकेच्या पानावर मिळाला. तीन होते, तिसरा लागला. फ्राउ लिंडनरने फोन स्पीकरवर टाकला आणि आपल्या शिस्तीच्या इंग्रजीत सुरुवात केली. पलीकडे बाजाराचा गलका, कोंबड्या, आणि एक बाई जी फोनपासून दोन हात लांब उभी असल्यासारखी ओरडत होती. तिघींनाही कोणाचं काही कळेना. शेवटी फ्राउ लिंडनरने फोन माझ्याकडे सरकवला. “तुम्ही बोला. मी लिहून घेते. पण उत्तर सुचवायचं नाही.”

मी विचारलं, दोन हजार चार ते सात या काळात तुमच्या बाजारात मुताले चिसांगा नावाची बाई होती का?

“मुताले कोण?” ती ओरडली. मग तिने तोंड फिरवून बाजारभर विचारलं. पाच-सहा आवाज आले. ती परत आली. “नाही. अशी कोणी नव्हती. मी तीस वर्षं इथे बसते. अशी कोणी नव्हती.”

फ्राउ लिंडनरची पेन्सिल चालली. तिने ‘नाही’ लिहिलं आणि खाली तारीख घातली. दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेर बाकावर बाईंना ऐकू गेलं असणार. तीस वर्षं बसते म्हणते आणि माहीत नाही म्हणते, म्हणजे बाईंचीच भीती खरी ठरली की काय. फ्राउ लिंडनर फोन ठेवायला हात पुढे करणार, तेवढ्यात मला माझी आई आठवली.

आमच्या पिंपरीच्या कॉलनीत आईने तीस वर्षं महिला मंडळ चालवलं. ती गेली तेव्हा पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर आम्ही ‘कालकथित सुलोचना’ छापलं, तर समोरच्या काकू पत्रिका हातात घेऊन विचारायला आल्या, ही सुलोचना कोण? ज्यांच्यासोबत तिने रेशनच्या मोर्चात मार खाल्ला त्या काकू. त्यांना ती फक्त शैलाची आई म्हणून माहीत होती. अख्ख्या कॉलनीला तिचं नाव ठाऊक नव्हतं.

मी फ्राउ लिंडनरचा हात धरला, चक्क धरला, आणि फोनमध्ये म्हटलं, “तिला एक मुलगी होती. चार वर्षांची. चिलेशे.”

पलीकडे गलका तसाच होता. मग फोन जवळ आला, कारण आवाज एकदम स्पष्ट झाला. “बाना चिलेशे?” ती म्हणाली. “तुम्ही चिलेशेच्या आईबद्दल विचारताय? मग तसं सांगायचं ना बाई. मुताले-मुताले काय लावलंय.”

पुढची दहा मिनिटं फोन हातोहात फिरला. एकीने सांगितलं, ती आमच्या बाजूला मासळी विकायची. दुसरीने सांगितलं, गुरुवारी चार वाजता तीच जमवायची. फ्राउ लिंडनर हळूच म्हणाली, “त्यांचं पद काय होतं, विचारा.” मी विचारलं.

“पद?” पहिली बाई, बाना मुलेंगा, मुलेंगाची आई, पुन्हा फोनवर आली होती. “ती मागे बसायची. आम्ही बोलायचो. माझं चौथं वाक्य होतं.” आणि कोणी न विचारता तिने ते म्हणून दाखवलं. “माझा नवरा मेलाय, मी मेलेली नाही, टपरी माझी आहे.” वीस वर्षांपूर्वीचं वाक्य, एक शब्द न अडखळता.

फ्राउ लिंडनरने ते जर्मनमध्ये लिहून घेतलं. लिहून झाल्यावर तिने पेन्सिल खाली ठेवली. मग जर्मन लोकांचं ‘तर मग’ आलं, “आल्झो. साक्ष झाली. कागद असेल तर अधिक चांगलं.”

बाना मुलेंगा म्हणाली, कागद कसला, टपऱ्यांचं रजिस्टर आहे. अर्ध्या तासाने माझ्या फोनवर फोटो आला. पिवळं पडलेलं पान, नगरपालिकेचा गोल शिक्का, फेब्रुवारी २००६. नवीन नियमाखाली नावावर केलेली पहिली टपरी, नंबर एक्केचाळीस: मुताले चिसांगा. खाली बाना मुलेंगाने लिहिलं होतं, ‘हे तिचं नाव आहे हे आम्ही विसरलो होतो.’

मी धावत पॅसेजमध्ये गेले. बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी पहिला ‘नाही’ तेवढा ऐकला होता आणि मग कानांवर हात ठेवले होते. मी फोन त्यांच्या पुढ्यात धरला. त्यांनी फोटो मोठा केला, शिक्का वाचला, नाव वाचलं. “मी तर सांगितलं होतं, माझं शेवटी घाला,” त्या म्हणाल्या. “चिलेशेला ताप होता. मी दवाखान्यात होते त्या आठवड्यात. माझ्यामागे घातलं यांनी.” आणि मग त्या रडायला लागल्या, आणि मीही. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

फ्राउ लिंडनर दारात आली. “त्या ओळीत काय घालू?” तिने विचारलं.

“सुक्या मासळीची विक्रेती,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “बाकीचं उद्या तोंडी सांगते.”

मी असते तर ‘संघटक’, ‘समन्वयक’, काय काय घातलं असतं.

बुधवारी मुलाखत झाली. मी पाण्याचे ग्लास ठेवायच्या निमित्ताने दोनदा आत डोकावले. दुसऱ्यांदा फ्राउ लिंडनरने डोळे वटारले. शुक्रवारी दुपारी निकाल लागला. जागा बा मुतालेंना. एकमताने. बॉनच्या गृहस्थांना मी फार आदराने पत्र लिहिलं. राजानंदना मेसेज केला, ‘मिळाली, आणि माझीही राहिली.’ त्यांचं उत्तर आलं, ‘जय भीम. येताना लिंबं आण.’

तीन वाजता बाई किचनमध्ये आल्या आणि दार लावून घेतलं. “फोन लावायचाय,” त्या म्हणाल्या. “तू बस इथेच.” नंबर मीच लावून दिला आणि फोन स्पीकरवर टाकला.

बाना मुलेंगाने उचलला. पहिलं काही वेळ त्यांच्या भाषेत चाललं, मला कळलं नाही, पण बाई माफी मागताहेत हे कळायला भाषा लागत नाही. मधेच ‘टू वीक्स’ एवढे दोन शब्द इंग्रजीत आले. पलीकडून एकच वाक्य आलं आणि बाई हसल्या, रडता रडता. मग माझ्यासाठी त्यांनी बाना मुलेंगाला इंग्रजीत बोलायला लावलं.

टपरी नंबर एक्केचाळीस अजून बाईंच्याच नावावर होती. नियमच तसा होता ना, बाईच्या हयातीत तिच्या नावाची टपरी कोणी काढून घ्यायची नाही. पण ती रिकामी नव्हती. गावात जिला घराबाहेर काढतील ती बाई पहिली तिथे येऊन बसते. तिचं घराचं, टपरीचं मिटेपर्यंत बसते. मग दुसरी येते. अठरा वर्षांत सदतीस जणी तिथे बसून गेल्या होत्या. सध्याची कालच आलीय, तान्हं मूल आहे तिला.

बा मुतालेंनी फोन जवळ ओढला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता तो तसाच ठेवला.

“मला इथे नोकरी लागलीय,” शेवटी त्या म्हणाल्या. “अकरा वर्षं अजून. सदुसष्टाव्या वर्षी सोडतात हे लोक.”

“मग त्यानंतर ये,” बाना मुलेंगा म्हणाली. “जी बसली असेल ती सरकून घेईल.”